पायाला बांधलेली चिठ्ठी

पुण्या-मुंबईच्या घरात भगर शिजते ती बहुतेक एकादशीला. त्या दिवशी धान्य चालत नाही, म्हणून वरीचे तांदूळ निवडून, तुपात जिऱ्याची फोडणी देऊन, दाण्याच्या आमटीबरोबर खायचे. एरवी तिचा डबा फडताळात मागे सरकलेला असतो. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगीकडे निघालं, की पावसाळ्यात हीच भगर डोंगरउतारावरच्या शेतांत उभी असते, आणि तिथे ती पोटभरीचं अन्न आहे. पिकवायची, कांडायची, रांधायची आणि खाऊन कामाला लागायचं. ज्या दाण्याने एकीकडे उपास मोडत नाही, त्याच दाण्यावर दुसरीकडे रोजची भूक भागते. शहरातल्या वाचकाला हे ऐकून नवल वाटेल. मोलगीच्या बाजूने पाहिलं तर नवल उलटं आहे: शेतात पेरलेलं, कणसाला आलेलं, उखळात कांडलेलं धान्य कुणी धान्यच मानत नाही, आणि जेवायचं नाही असं ठरवलेल्या दिवशी नेमकं तेच खातं. गोष्ट एकच आहे आणि दोन्हीकडून खरी आहे. नवल कशाचं वाटायचं, ते मात्र बघणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं.

चमत्कारिक माहितीची आपल्याला फार ओढ असते. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत, स्पर्धापरीक्षांच्या टिपणांत, दिवाळी अंकांच्या पानपूरकांत ती एका-एका ओळीत येते आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात वर्षानुवर्षं टिकते. मोलगीच्या आसपासचा मुलूख अशा ओळींनी भरलेला आहे. नर्मदा महाराष्ट्राला शिवते ती फक्त याच जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर. देशातलं पहिलं आधार कार्ड शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. मोलगीजवळच्या काठी गावची राजवाडी होळी १२४६ सालापासून पेटते आहे. नामशेष झाला असं समजलं गेलेलं एक घुबड तब्बल ११३ वर्षांनी शहाद्याजवळ पुन्हा सापडलं. या ओळी मला आवडतात आणि त्यांना कुणी क्षुल्लक म्हटलं तर ते मला पटत नाही. त्यांच्याबद्दल माझा आग्रह एकच आहे. नवलाची गोष्ट नुसती खरी असून भागत नाही. ती कुठली, कधीची आणि कुणाच्या हातून आपल्यापर्यंत आली, ही चिठ्ठी तिच्या पायाला बांधलेली हवी. चिठ्ठी सुटली की गोष्ट पेंढा भरलेल्या पाखरासारखी होते, आणि चिठ्ठी खोटी असली तर ते पाखरू जिवंत पाखरांचाही घात करतं. ही उपमा मी वाऱ्यावरून आणलेली नाही. वरच्या यादीतल्या शेवटच्या ओळीतच ती घडलेली आहे.

त्या घुबडाचं नाव रानपिंगळा. आपल्या ओळखीचा पिंगळा गावाशेजारच्या आंब्या-चिंचेच्या ढोलीत राहतो, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. त्याच्याच नावाने पहाटे दारोदार भविष्य सांगत फिरणाऱ्या जोशालाही आपण पिंगळा म्हणतो, इतका तो घरोब्यातला पक्षी. रानपिंगळा त्याचा भाऊबंद असला तरी वेगळा. डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, छातीवर गडद तपकिरी रंग दाटलेला, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे, पाय दणकट आणि बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी झाकलेले. १८७२ साली आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट यांनी त्याचा पहिला नमुना मिळवला. १८७३ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि जातीला ब्लेविटचं नाव दिलं. हे ह्यूम म्हणजेच काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूम. राजकारणात उतरण्याआधी ते हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचे सर्वांत मोठे संग्राहक होते. सिमल्याच्या घरातून त्यांची बरीचशी हस्तलिखितं चोरीला जाऊन बाजारात रद्दी म्हणून विकली गेली, त्यानंतर त्यांचं पक्ष्यांवरून मन उडालं, आणि १८८५ साली त्यांनी सारा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं.  

रानपिंगळ्याचा पश्चिमेकडचा पत्ता मिळाला तो जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्यामुळे. १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो खानदेशात नेमणुकीवर होता. १८८२ साली पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची एक यादी त्याने ह्यूमच्याच ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. शहादा, तळोद्याच्या सपाटीवरून सातपुडा चढायला लागतो तिथल्या सागाच्या जंगलात त्याने रानपिंगळे टिपले. कातडी सोलून, वाळवून, आत कापूस भरून, पाय जुळवून त्यांना चिठ्ठी बांधायची ही संग्राहकांची रीत. चिठ्ठीवर जागा, तारीख, टिपणाऱ्याचं नाव आणि पक्षी नर की मादी एवढंच असतं. बोटभर कागद आणि दोरा. पण संग्रहालयात त्या कागदालाच किंमत आहे. कागद गेला तर उरतं ते पिसांचं बोचकं. त्यातून रंग कळतो, लांबी कळते, आणि जगात कुठे जाऊन त्याच्या जिवंत भावंडांना पाहावं ते काही केल्या कळत नाही. १८८४ नंतर कुणालाच हा पक्षी दिसला नाही. सगळ्या जगातल्या संग्रहालयांत मिळून त्याचे सात नमुने होते.

सातांपैकी एक बाकीच्यांपेक्षा बराच उशिराचा होता. त्याच्या चिठ्ठीवर वर्ष होतं १९१४, जागा सुरत जिल्ह्यातली तापीकाठची मांडवी, आणि नाव कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांचं. इंग्रज सैन्यातला हा नावाजलेला अधिकारी पक्षीशास्त्रातही मोठा मानला जाई. त्याचा वीस हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. १९३७ साली खुद्द सालिम अली त्याच्याबरोबर अफगाणिस्तानात पक्ष्यांसाठी हिंडले होते. अशा माणसाच्या अक्षरातल्या चिठ्ठीवर कोण शंका घेणार? रानपिंगळा विसाव्या शतकापर्यंत तापीच्या खालच्या अंगाला जिवंत होता असं सगळ्यांनी धरून चाललं. सालिम अली आणि अमेरिकेतले डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणत्यांनीही पुढे या पक्ष्याचा शोध घेतला. हाती काही लागलं नाही. मांडवी आणि शहादा एकाच नदीच्या खोऱ्यातली गावं, नकाशावर बोटाच्या दोन पेरांवर. पण पक्षी झाडावर राहतो, नकाशावर नाही.

रिप्ले यांच्या दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवरच्या पुस्तकाचं काम करताना पामेला रासमुसेन या शास्त्रज्ञ बाईंना जुने नमुने एकेक करून पुन्हा तपासावे लागले. ब्रिटिश म्युझियममधून नमुने परवानगीवाचून नेल्याबद्दल माइनर्ट्झहागेनला १९१९ साली पक्षीदालनात यायची बंदी घातली होती, ही गोष्ट कुजबुजीत होतीच. १९९३ साली ॲलन नॉक्स यांनी त्याच्या काही नमुन्यांतली लबाडी उघडही केली होती. रासमुसेन यांनी मांडवीच्या रानपिंगळ्याची क्ष-किरण छायाचित्रं काढून घेतली. पक्षी वरून नव्याने भरलेला होता, पण आत जुन्या कामाच्या खुणा शिल्लक होत्या, आणि त्या डेव्हिडसनच्या हातच्या इतर नमुन्यांशी जुळल्या. म्हणजे हा पक्षी मांडवीचा नव्हता आणि १९१४चाही नव्हता. डेव्हिडसनने सातपुड्याच्या पायथ्याशी टिपलेलाच एक नमुना संग्रहालयातून उचलून, जुना कापूस काढून, नवा भरून, नवी चिठ्ठी बांधून त्याला दुसरा जन्म दिलेला होता. इथे मला सगळ्यांत मोलाची वाटते ती रासमुसेन यांची पुढची कृती. नवी माहिती गोळा करण्याआधी त्यांनी खोटी माहिती बाजूला काढली. मांडवी वगळली, १९१४ वगळलं. उरलेल्या खऱ्या चिठ्ठ्यांवर जी नावं होती, तेवढ्याच गावांना जायचं ठरवलं.

नोव्हेंबर १९९७. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे दोघे बरोबर. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा पाहिल्या, पक्षी नाही. मग खानदेश. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळच्या विरळ सागवनात, पानं झडलेल्या झाडावर, उन्हात बसलेला एक पिंगळा किंग यांच्या नजरेला पडला. घुबड म्हटलं की आपण रात्र धरतो. हा दिवसाढवळ्या उघड्यावर बसला होता, आणि दिवसा वावरणं हीच त्याची रीत असल्याचं पुढच्या अभ्यासातून दिसलं. रासमुसेन यांनी दुर्बिणीतून एकेक खूण पडताळली. डोक्यावर ठिपके नाहीत. छाती गडद. शेपटीचे पट्टे रुंद. पाय जाड, पांढरे. संग्रहालयाच्या खणात कितीदा हाताळलेल्या कातड्यांवरची प्रत्येक खूण समोरच्या जिवंत पाखरावर होती, फक्त ते मान वळवून बघत होतं. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तळोदा, तोरणमाळ आणि मेळघाटातही तो नोंदवला. २०१४ साली मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या जंगलातही तो दिसला. डेव्हिडसनच्या बोटभर चिठ्ठीने शंभराहून अधिक वर्षांनी माणसं नेमक्या जागी आणून पोचवली. माइनर्ट्झहागेनच्या तेवढ्याच चिठ्ठीने त्याआधी कित्येकांना रिकाम्या हाती परत पाठवलं होतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे शास्त्रज्ञांचं काम झालं. सामान्य वाचकाला मनाचा विरंगुळा हवा असतो, त्याच्या गोष्टीला कसली आली चिठ्ठी? चहाच्या कपाबरोबर एक नवल वाचलं, दुसऱ्याला सांगितलं, संपलं. मला हा आक्षेप टाळावासा वाटत नाही, कारण विरंगुळ्याचा हक्क मोठा आहे. पण विरंगुळ्याची गोष्ट विरंगुळ्यापुरती राहत नाही. तीच पुढे भाषणात जाते, पाठ्यपुस्तकात जाते, कुणाच्या तरी निर्णयाचा आधार होते. ‘हा पक्षी १९१४ला तापीकाठी होता’ ही ओळसुद्धा तशी निरुपद्रवी वाटण्यासारखीच होती. ज्या वर्षांत शोधणारे चुकीच्या जागी फिरत होते, त्याच वर्षांत शहादा-तळोद्याच्या पायथ्याचं सागवन झपाट्याने विरळ होत गेलं, आणि तिथे राखण्याजोगं काय आहे हे सांगणारा कागदोपत्री कुणी नव्हता. निव्वळ मोठेपणासाठी बांधलेल्या चिठ्ठीचा एवढा परिणाम होऊ शकतो. त्याउलट खऱ्या चिठ्ठीसह आलेल्या नवलाने त्या जंगलाकडे अभ्यासकांचं आणि वनखात्याचं लक्ष ओढलं. नवलाची ताकद खरीच आहे, म्हणून तर त्याच्याबद्दल एवढी काळजी घ्यायची.

दुसरा आक्षेप यापेक्षा खोलवर जाणारा आहे. ‘पुन्हा सापडला’ असं आपण म्हणतो, तेव्हा तो हरवला होता कुणासाठी? पक्षी तर त्याच सागावर बसत होता. त्याच जंगलात महू वेचणारी, गुरं चारणारी, मध काढणारी भिल्ल-पावरा माणसंही होती. ११३ वर्षांचं अंतर हे लंडन-वॉशिंग्टनच्या खणांतलं अंतर आहे, असं कुणी म्हटलं तर त्यात तथ्य आहे. शंभर वर्षांपूर्वीचे संग्राहक पक्षी टिपायला स्थानिक शिकाऱ्यांवर विसंबत, आणि चिठ्ठीवर नाव मात्र साहेबाचं पडे, हीदेखील त्या काळाची रीत होती. तरीही ‘आम्हाला ठाऊकच होतं’ या एका वाक्याने मी समाधानी होत नाही. पिंगळा आणि रानपिंगळा या दोन वेगळ्या जाती आहेत, त्यातली दुसरी जगात इतरत्र जवळपास उरलेली नाही, ही गोष्ट शेजारी राहून आपोआप कळत नाही. त्यासाठी इथला पक्षी आणि दूरच्या ठिकाणचे पक्षी शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतात. उलट तो कुठल्या झाडावर, कुठल्या वेळी, कशाच्या मागे असतो, हे दूरच्या खणात कधीच कळत नाही. दोन्ही ज्ञानं एकमेकांवाचून अपुरी आहेत. म्हणून चिठ्ठीवर एक रकाना वाढवावा, असं मला वाटतं: दाखवलं कुणी.

चिठ्ठी सुटण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि तो फार सभ्य दिसतो. तळोदा तालुक्यात रावलापाणी नावाचं ठिकाण आहे. संत गुला महाराजांनी सातपुड्याच्या आदिवासींमध्ये दारू सोडा, स्वच्छ राहा, असा उपदेश करत जी चळवळ उभी केली, ‘आप’ या आदराच्या शब्दाने जी ओळखली जाते, ती त्यांच्यामागे रामदास महाराजांनी पुढे चालवली. २ मार्च १९४३ला रावलापाणीच्या नाल्यात जमलेल्या या लोकांवर इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला. माणसं मेली. गोळ्यांच्या खुणा तिथल्या दगडांवर दाखवतात. या घटनेची ओळख करून देताना बहुतेक वेळा एकच वाक्य वापरलं जातं: सातपुड्यातली जालियनवाला बाग. हेतू चांगला आहे, अपरिचिताला परिचिताचा हात देऊन वर आणायचं. पण त्यात चिठ्ठी बदलते. अमृतसरची बाग भिंतींनी बंद होती, इथे डोंगरातला नाला होता. तिथली सभा रौलेट कायद्याच्या आणि अटकेच्या निषेधाची, इथली गर्दी व्यसन सोडून माणूस म्हणून मान मागणाऱ्यांची. एकमेकांना ‘आप’ म्हणावं, ही साधी गोष्ट सरकारला आणि सावकाराला का खुपली, हा या घटनेतला खरा विचारण्याजोगा प्रश्न, आणि जालियनवालाची चिठ्ठी बांधली की तो विचारायचा राहून जातो. दुसऱ्याच्या नावाने ओळखलं गेलेलं नवल उसनंच राहतं.

टेंभलीचं नशीब याहून बरं. २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहनसिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते तिथे पहिले आधार क्रमांक दिले गेले, आणि गाव, तालुका, तारीख यांसह ही ओळ परीक्षांच्या पुस्तकांत बसली. चिठ्ठी पुरी आहे. ज्या शहादा तालुक्यात १९९७ साली एका पाखराची ओळख पटली, त्याच तालुक्यात तेरा वर्षांनी माणसांच्या ओळखीचा देशातला पहिला क्रमांक पडला, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. ओळख पटवण्यासाठी कागद लागतोच, आणि कागद झाला म्हणजे ओळख झाली असंही नाही. टेंभलीबद्दल विद्यार्थ्याला एवढं एकच वाक्य येतं. त्या वाक्याआधीचं आणि नंतरचं गाव त्याला ठाऊक नसतं.

याच्या अगदी उलटं मणिबेलीचं. मोलगीच्या पलीकडे, अक्कलकुवा तालुक्यातच, नर्मदेच्या काठावरचं हे गाव. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारं महाराष्ट्रातलं पहिलं. जागतिक बँकेने या धरणाच्या कामाची तपासणी करायला मोर्स समिती नेमली; बँकेने आपल्याच पैशातून चाललेल्या प्रकल्पाची अशी स्वतंत्र चौकशी करवून घेण्याची ती पहिलीच वेळ. १९९२ साली समितीचा अहवाल आला, १९९३ साली उरलेलं कर्ज थांबलं, आणि १९९४ साली ४४ देशांतल्या ३२६ संस्था-संघटनांनी जागतिक बँकेला मोठ्या धरणांचा अर्थपुरवठा थांबवा असं बजावणारा जाहीरनामा काढला. त्याला नाव दिलं मणिबेली जाहीरनामा. मांडवीच्या पिंगळ्याची कातडी शाबूत होती आणि चिठ्ठी खोटी. मणिबेलीची चिठ्ठी खरी राहिली, जगभर फिरली, आणि जिच्यासाठी ती लिहिली ती काठावरची घरं-शेतं पाण्याखाली गेली. काही कुटुंबं वरच्या टेकाडांवर सरकून राहिली. धरणाच्या बाजूने आणि विरोधात काय म्हणायचं ते वाचकाने आपापलं ठरवावं. पण ज्याला या वादात बोलायचं आहे त्याला एका गावाचं नाव घ्यावंच लागतं, ही त्या चिठ्ठीची कमाई.

शेवटचा आक्षेप मला स्वतःलाच सगळ्यांत जास्त छळतो. साल, तारीख, नाव, जागा ही सगळी लिहिणाऱ्यांची मागणी आहे. ज्या समाजाने आपलं ज्ञान बोलण्यात, गाण्यात आणि करण्यात जपलं, त्याच्याकडे चिठ्ठी मागणं हा अन्यायच नाही का? काठीच्या होळीचं १२४६ साल घ्या. दरवर्षी फाल्गुनात ते छापून येतं. एवढा नेमका आकडा बातमीला वजन देतो, वाचणारा थबकतो, आणि साडेसातशेहून अधिक वर्षं मनात मोजून पुढे जातो. हे साल म्हणजे परंपरा किती जुनी आहे हे बाहेरच्यांना त्यांच्या भाषेत सांगण्याची सोय, असं मी समजतो. त्याच्यावर माझा भर नाही आणि त्याच्याशी माझं भांडणही नाही. कारण काठीच्या होळीची चिठ्ठी कागदावर नसून दरवर्षीच्या कामात बांधलेली आहे. बांबू ठरलेल्या रीतीने जंगलातून आणायचा, अनेक माणसांच्या उंचीचा, सरळ. व्रत धरलेल्या माणसांनी ते दिवस नेमाने काढायचे. कुणी मोरखी होतो, कुणी बावा, कुणी बुध्या: अंगभर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरं. बांबू उभा करायला खड्डा लागतो, आणि तो खणायला कुदळ-पहार वापरायची नाही. कोण खणतं, कधी खणतं, कशाने खणतं, सगळं ठरलेलं, आणि सगळं ज्याला पाहायचं त्याला दरवर्षी पाहता येण्याजोगं. खोटी चिठ्ठी बांधणाऱ्या कर्नलला खणातला एक पक्षी गुपचूप उचलता आला. हजारो माणसांच्या डोळ्यांदेखत होणाऱ्या कामात तसला फेरफार करणं कठीण.

म्हणून काठीची ओळ मला कुणी एका वाक्यात लिहायला सांगितली, तर मी सालाच्या आधी खड्डा लिहीन. भगरीबद्दल लिहायची तर उतारावरचं शेत आधी आणि एकादशी नंतर. मोलगीच्या बाजूने सुरुवात केली की पुण्याच्या वाचकाचं नवल कमी होत नाही, उलट त्याला पाय फुटतात. तो विचारायला लागतो, कुठल्या उतारावर, कुठल्या पावसात, कुणाच्या उखळात. काठीला रात्रभर ढोल वाजतात, डोंगरांतून पायवाटांनी माणसं येत राहतात, नाच थांबत नाही. बाकी महाराष्ट्रात संध्याकाळीच होळी पेटून विझलेली असते. इथे बांबू रात्रभर काळ्या आकाशात उभा असतो आणि होळी पेटते पहाटे. त्या उजेडात खड्डा खणलेल्यांचे हात दिसतात, नखांत अजून ओली माती.